अक्षतांना वाजवणार कोण?

"डीजे नको, बँड नको, बेंजो तर नावालासुद्धा नको. एकच वाद्य, एकच वाजवणारा, आणि तोही एका जागी बसून. असं म्हणते आमची पुण्याची बया!" शेजारच्या वहिनींनी कुंपणावर वाळत घातलेली गोधडी उलटी केली आणि तिच्यावरच हात टेकून उभ्या राहिल्या. म्हणजे आता लवकर सुटका नाही. मीही आत जाऊन गॅस बारीक करून आले.

वहिनींच्या या पुण्याच्या लेकीचं लग्न वैशाखात. कार्यालय ठरलंय. अक्षता दुपारी बारा वाजून एकवीस मिनिटांनी. माणसं दोनशेच्या आत, असं आज म्हणतायत. पत्रिका छापून होऊ द्या, मग बघू. आचारी ठरला, बस्ता झाला, मानपानावरून मुलाकडच्यांशी एक छोटी झकाझकी होऊन मिटलीसुद्धा. अडलंय ते या एका वाद्यावर.

दुसऱ्या गावात हा प्रश्न चहाच्या एका कपात सुटला असता. पण आम्ही पडलो मिरजेचे. इथं शिकलगारांच्या कितीतरी पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवत आल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून तर ज्याला 'सा' कुठं लागतो ते माहीत नाही तोही वाद्याबद्दल मत द्यायला लागलाय. वहिनींच्या घरात तर माणशी एक मत आहे.

"पहिलं नाव कुणी काढलं असेल?" वहिनींनी विचारलं.

"धाकट्या जाऊबाईंनी. आणि सतारीचं," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं कळलं ओ?"

न कळायला काय झालं! त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीला सतार टांगलीय. कुणी वाजवलेली मी तरी ऐकली नाही, पण दर दिवाळीला पुसतात. त्यांचं म्हणणं असं की, मिरजेच्या मुलीच्या लग्नात सतार वाजली नाही तर लोक काय म्हणतील?

"लोक काही म्हणणार नाहीत, कारण लोकांना ती ऐकूच येणार नाही!" व्हरांड्यातून पेपरामागून आवाज आला. हे नाना, वहिनींचे सासरे. उभी नोकरी रेल्वेत, मिरज जंक्शनवर. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाची संगीत सभा भरते उरसात, दर्ग्याच्या आवारात. ती नाना कधी चुकवत नाहीत. तेव्हा त्यांच्या मताला घरात वजन आहे, निदान ते स्वतः तसं समजतात.

"अहो, सतारीचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, लाकूड तुणीचं. दोन्ही हवेबरोबर हलतात. वैशाखाच्या उन्हातून आणून एसीच्या हॉलमध्ये ठेवली की वरच्या सहा-सात तारा आणि खालच्या डझनभर तरफा, सगळ्यांचं बिनसणार. वादक निम्मा वेळ खुंट्याच पिळत बसेल. लग्नात कान पिळायचा तो नवऱ्या मुलाचा, सतारीचा नव्हे!"

"डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नात होती की सतार," वहिनी मला हळूच म्हणाल्या.

होती ना. मी पुढून तिसऱ्या रांगेत होते. वादक खरंच चांगला. शुद्ध सारंग लावला होता, आणि आलाप ऐकायला आम्ही चार बायका; बाकी मांडव "अहो, किती दिवसांनी!" करत होता. तरी निभावलं असतं. पण मंगलाष्टकांची वेळ झाली आणि कळलं की कार्यालयातला धड चालणारा माइक एकच आहे. तो सतारीपुढून उचलून गुरुजींच्या हातात दिला. त्यानंतर तो बिचारा वाजवत होता एवढं दिसत होतं. अक्षता पडल्या, कुणीतरी "वाजवा, वाजवा" म्हणून ओरडलं, त्यानं 'झाला' सुरू केला आणि पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनी विचारलं, "वाजंत्री आले नाहीत का गं?"

"म्हणजे सतार कटाप," वहिनींनी एक बोट मिटलं. "दुसरी बासरी. ती जावईबापूंची मागणी."

जावयाची मागणी म्हटल्यावर दोघी जरा गप्प झालो. अजून व्हायचाय जावई, पण मान आत्तापासून. त्यांना म्हणे बासरी ऐकली की शांत वाटतं. वाटो बापडं, पण लग्नात शांत कुणाला व्हायचंय?

नानांनी पेपर खाली ठेवला. "बासरी गोड आहे, वाद नाही. पन्नालाल घोषांनी लांब, खर्जाची बासरी मैफलीत आणली आणि पुढं हरिप्रसाद चौरसियांनी ती जगभर नेली. पण मैफलीत लोक तोंड मिटून बसतात. आणि आणखी एक गंमत सांगतो. बासरीत फुंकर आत जात नाही, भोकाच्या कडेवर जाऊन फुटते आणि त्यातून सूर निघतो. त्या भोकावरून पंख्याचं वारं आडवं गेलं की सूर फुटला, उरला नुसता फुसफुसाट. तेव्हा बासरी हवी असेल तर वादकाच्या डोक्यावरचा पंखा बंद. एसी बिघडला तर मग सगळेच पंखे बंद."

"वैशाखात? शालू नेसून?" वहिनींनी दुसरं बोट लगेच मिटलं. जावयाचा मान गेला तरी चालेल, पण पंखा नको बंद व्हायला.

तिसरं संतूर. ते मुंबईच्या मावशींनी सुचवलं. हॉटेलात ऐकलं होतं म्हणे, नाश्त्याच्या वेळी. संतूरच्या शंभराच्या आसपास तारा म्हणजे शंभर पोरांचा वर्ग. एकाला गप्प करावं तोवर दुसरा कुजबुजायला लागतो. शिवकुमार शर्मांसारख्या माणसानं मैफलीतसुद्धा वाजवता वाजवता हातोडीनं तारा जुळवाव्यात, तिथं आपल्याकडं पुण्याहवाचन आणि गौरीहर यांच्या मधल्या घाईत कोण जुळवत बसणार? संतूरवर आम्ही फार वेळ घालवला नाही. मावशी आहेर मात्र चांगला करतात, तेव्हा त्यांना "विचार चालू आहे" असं कळवायचं ठरलं.

"खरं सांगू का," नाना खुर्ची ओढून कुंपणापर्यंत आले, "माझ्या मनात सारंगी आहे."

"अगं बाई!" वहिनींचा हात गोधडीवरून सुटला. "मामंजी, सारंगी? लग्नात? कुणी मोठा पुढारी गेला की रेडिओवर दिवसभर ती लागायची. सकाळी रेडिओ लावला, सारंगी आली, की आमच्या आई म्हणायच्या, 'कोण गेलं बघा गं.' आणि तुम्ही ती नातीच्या अक्षतांना लावता?"

नाना जरा हिरमुसले. म्हणाले, चूक सारंगीची नव्हे, रेडिओवाल्यांची. साथीला मागं बसणाऱ्या सारंगीला राम नारायण यांनी एकटीनं मैफल करायला शिकवलं. गळ्याच्या सर्वांत जवळचं वाद्य तेच. त्यात पडदे नाहीत, म्हणजे माणूस ज्या सुरात गाईल त्या सुरात ती जाते. आमचे गुरुजी मंगलाष्टक काळी एकला सुरू करतात आणि चौथ्या कडव्यापर्यंत पांढरी तीनला पोचलेले असतात, त्यांच्यामागं धावू शकेल असं वाद्य म्हणजे सारंगी नाहीतर व्हायोलिन.

गुरुजींचं हे खरंच आहे हो. आवाज खणखणीत, पण प्रत्येक मंगलाष्टकात सूर एक पायरी वर. मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडितात, ओळीला एकोणीस अक्षरं. त्यांचा श्वास बाराव्याला संपतो. त्यातून मुलीच्या आत्याबाई, मुलाच्या काकू आणि हौशी मैत्रिणी आपापली रचना आपापल्या सुरात म्हणणार. पेटीवाला बसवला तरी तो प्रत्येकीची पट्टी शोधत बसतो आणि पट्टी सापडेपर्यंत 'सावधान' येऊन जातं.

व्हायोलिनचं नाव निघालं म्हणून मी माझी मडगावची गोष्ट काढली. कॉलेजातली मैत्रीण, तिच्या मुलीचं चर्चमधलं लग्न. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून पोरांना सूर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत इतके गोवेकर भरले होते ते त्यामुळंच. प्यारेलाल ज्यांच्याकडं व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस मडगावजवळच्या मजोर्ड्याचेच. तर त्या चर्चमध्ये वर माळ्यावर एकटा म्हातारा व्हायोलिन घेऊन बसला होता. ना तबला, ना माइक. दगडी भिंती, उंच छत. सूर सगळीकडून येतोय असं वाटायचं. नवरी वडिलांचा हात धरून दारातून आत आली आणि त्यानं वाजवायला सुरुवात केली.

"तेच ना, सिनेमात असतं ते? टँ टँ टटँ?"

"तेच वाटलं होतं मला. पण नव्हतं. मी नंतर मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, फादरना ते चालत नाही. ते आहे वाग्नर नावाच्या जर्मन माणसाच्या 'लोहेन्ग्रिन' या संगीत नाटकातलं, १८५० सालचं. आणि त्या नाटकात लग्न त्याच रात्री मोडतं! नवरीनं विचारू नये तो प्रश्न विचारला आणि नवरा निघून गेला."

"काय प्रश्न?"

"तुझं नाव काय, गाव कुठलं."

"म्हणजे पत्रिका न बघताच लग्न लावलं की ओ!" वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "आणि साऱ्या जगातल्या बायका त्याच गाण्यावर बोहल्यावर चढतात?"

चढतात, आणि परत जाताना मेंडेल्सोनचं वाजवतात. तेही नाटकासाठीच लिहिलेलं, १८४२ मधलं. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या लेकीच्या लग्नात १८५८ मध्ये वाजलं आणि मग सगळ्यांनाच हवं झालं. राजवाड्यात झालं की चाळीत हवं, ही रीत तिथंही आहे.

पण मला सांगायचं होतं ते त्या म्हाताऱ्याबद्दल. नवरीचा झगा मध्येच एका बाकाला अडकला. सगळा खोळंबा. कुणी ओढतंय, कुणी टाचणी शोधतंय. म्हाताऱ्यानं वरून बघितलं आणि तीच ओळ पुन्हा घेतली, जरा सावकाश. झगा सुटला तशी पुढची ओळ. नवरी वेदीशी पोचली त्याच क्षणी त्यानं सूर असा उतरवला की गाणं तिथंच संपणार होतं असं वाटावं. खालच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नानांनी मान डोलावली. "त्याचं बोट तारेवर असेल, पण डोळा नवरीवर होता. लग्नाचं वाजवणं ते हेच."

"मग व्हायोलिनच ठरवू या की," वहिनी म्हणाल्या. "आपल्याकडंही आहेच. गजाननबुवा जोशी नाही का, गायचेही आणि वाजवायचेही."

"व्हायोलिन चालेल," नाना म्हणाले, "पण दगडी चर्च कुठून आणणार? आपल्या कार्यालयाला वर पत्रा, खाली फरशी, मध्ये फोम लावलेली सजावट आणि दोनशे माणसांची तोंडं सुटलेली. तिथं व्हायोलिनला माइक लागणार, आणि माइक आला की परत डॉक्टरांच्या मुलीचं लग्न."

एवढ्यात वहिनींचे यजमान स्कूटर काढायला बाहेर आले. त्यांनी जाता जाता आपलं मत टाकलंच. "पेनड्राइव्ह लावा! बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई, साऱ्या महाराष्ट्रात लागते. फुकट." आणि गेले. पुरुषांना एवढं बरं सुचतं, आणि सुचलं की थांबत नाहीत.

फुकट असतं ते कसं असतं हे मी माझ्या भाच्याच्या लग्नात बघितलंय. मोबाईलवरून सनई लावली होती. कन्यादान चालू, मुलीच्या वडिलांचे डोळे भरलेले, आणि मध्येच एक बाई जोरात म्हणाली की दाढीच्या या ब्लेडवर आज चाळीस टक्के सूट! भटजींनी पाणी सोडता सोडता वर बघितलं. त्याआधी मुहूर्त वीस मिनिटं लांबला होता, कारण मुलाचे काका स्टेशनवरून यायचे होते. सनई मात्र आपली वाजून संपली आणि परत पहिल्यापासून सुरू झाली. यंत्राला काका माहीत नसतात.

"हेच तर," नानांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "बिस्मिल्ला खाँनी केलं काय? मांडवातली आणि देवळाच्या नगारखान्यातली सनई त्यांनी मैफलीत नेली. १९३७ ची कोलकात्याची संगीत परिषद गाजवली, पहिल्या प्रजासत्ताक दिनी, १९५० मध्ये, लाल किल्ल्यावर वाजवलं, २००१ मध्ये भारतरत्न झाले. सनई मांडवातून मैफलीत गेली ते सोपं होतं, कारण मांडवात टिकलेलं वाद्य कुठंही टिकतं. तुम्ही उलटं करताय. मैफलीतलं नाजूक वाद्य मांडवात आणताय. ते जड जातं. मैफलीत सगळे वादकाकडं बघत असतात. लग्नात वादकानं सगळ्यांकडं बघायचं असतं, आणि त्याच्याकडं कुणीच बघत नसतं."

वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सनई."

"मी कुठं म्हटलं?" नाना म्हणाले. पण चेहरा सनई म्हणत होता.

मग आम्ही सनईची नीट चौकशी केली, म्हणजे मुलगा बघतात तशी. उंची हातभर. अंगकाठी लाकडी, वरून निमुळती, खाली पितळेचा कर्णा. तोंडात छोटीशी पत्ती, गवताची, दोन पदरी. ती ओली झाल्याशिवाय सूर धरत नाही, म्हणून वाजवणारा आधी ती ओठात धरून बसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हा नुसताच बसलाय. जादा पत्त्या दोऱ्यानं सनईच्याच गळ्यात लटकवलेल्या असतात; एक बिघडली तर दुसरी. आवाजाला माइक लागत नाही. उभ्या मांडवाच्या गलक्यावरून ती पलीकडच्या रस्त्याला ऐकू जाते. आणि अक्षता पडल्या की एका फुंकेत तारसप्तकात उडी. आजीबाईंना विचारावं लागत नाही वाजंत्री आले का म्हणून.

"दोष काय?" वहिनींनी विचारलं. दोष विचारल्याशिवाय मुलगा पसंत करायचा नसतो.

नानांनी तेही सांगितलं. एक, प्रत्येक सनईचा सूर तिचा तिचा ठरलेला. पत्ती थोडी आत-बाहेर करून जरासा फरक पडतो, जास्त नाही. तेव्हा मंगलाष्टकांच्या साथीला तिला बसवायचंच नाही. मंगलाष्टकं चालू असताना सनई गप्प, आणि शेवटच्या 'सावधान'नंतर सुटायचं. दुसरा दोष, बंद हॉलमध्ये ती फार जवळ बसली तर कान किटतात. म्हणून वादक दाराशी, बोहल्यापाशी नव्हे. तिसरा म्हणजे एकटी सनई ही एकटी नसतेच.

"म्हणजे?"

"सूर धरायला दुसरा लागतो. त्याच्या सनईला भोकांचं काम नाही, तो नुसता एक सूर धरून ठेवतो, गाल फुगवून, नाकानं श्वास घेत घेत, न तोडता. तो नसेल तर वरची सनई उघडी पडते. एकच वाद्य म्हणून ठरवाल आणि माणसं येतील दोन. संबळ घेतलं तर तीन. जेवणाची पानं तेवढी धरा."

"मग आमची म्हणेल, एकच म्हटलं होतं ना मी!"

"तिला म्हणावं, तुझ्या एका नवऱ्याबरोबर किती माणसं येतायत ते मोज आधी."

इथं मला वहिनींच्या बंगळूरच्या नणंदबाई आठवल्या. त्यांच्या सासरकडं नादस्वर. सनईची थोरली बहीण म्हणा. लांबीनं जवळजवळ दुप्पट, आवाज त्याच मापात, आणि सोबत तविल, तो ढोल एका हातानं काठीनं आणि दुसऱ्या हातानं बोटांवर कडक टोप्या चढवून वाजवतात. नणंदबाईंनी फोनवर सुचवूनही झालं होतं, खर्चही आपण करू म्हणाल्या होत्या. त्यांच्याकडं मंगळसूत्र बांधायच्या क्षणाला पुरोहित बोट वर करतो, आणि जे काय वाजत असेल ते सोडून नादस्वर आणि तविल एकदम पूर्ण ताकदीनं सुटतात. गेट्टिमेळम् म्हणतात त्याला. कारण काय, तर त्या वेळी कुणाची शिंक, कुणाचं रडणं, कुणाचा वाईट शब्द कानावर पडू नये.

"हे मात्र आपल्याकडं सुरू करायला पाहिजे," वहिनी म्हणाल्या. "मोठ्या जाऊबाई नेमक्या त्याच वेळी सोन्याचा भाव काढतात."

पण नादस्वर बंद हॉलात, दोनशे माणसांत? नानांनी कानावर हात ठेवून दाखवले. मोकळ्या देवळाच्या प्राकारात, रथापुढं चालायला झालेलं वाद्य ते. पण ते बोट वर करणं नानांना फार आवडलं. आपल्याकडं कुणीतरी मागून ओरडतं, "वाजवा रे", आणि दरवेळी वेगळाच माणूस ओरडतो. कधी दुसऱ्या मंगलाष्टकालाच कुणी उतावळा ओरडतो आणि वाजंत्री सुटतात, गुरुजी खवळतात. तेव्हा खूण कुणी करायची ते आधी ठरवा आणि वादकाला तो माणूस दाखवून ठेवा, असं ठरलं. माणूस कोण? गुरुजीच. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर भावकीत आणखी एक मानपान वाढलं असतं.

मग सुंदरीचाही विषय निघाला. सनईचीच धाकटी, आखूड, आवाज चढा आणि जरा नाजूक. सोलापूरच्या जाधव घराण्यानं ती सांभाळली. नानांचे डोळे चमकले, पण सोलापूरहून माणूस आणायचा, रात्री मुक्काम, जायचं-यायचं भाडं, म्हटल्यावर वहिनींचा चेहरा उतरला. बिदागीपेक्षा प्रवासच मोठा. सुंदरी मिटलेल्या बोटांत गेली.

वाजवायचं काय यावरही बोलणं झालंच. लेकीनं यादी पाठवलीय, सगळी सिनेमाची गाणी. नाना म्हणाले, पंगतीला वाजवा हवी ती, पण विधींच्या वेळी वेळेचं काहीतरी असू द्या. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला यमन. सकाळी पुण्याहवाचनाला तोडी किंवा अहिरभैरव. बारा एकवीसच्या आधी वृंदावनी सारंग. दुपारचाच राग तो, शिवाय चाल खेळकर, बोहल्यावर येणाऱ्या मुलीला घाबरवत नाही. आणि पाठवणीला भैरवी. मात्र वादकाला आधी सांगून ठेवा की फार लांबवू नको. आई आधीच रडणार, तिला आणखी ढकलायचं नाही.

"मी नाही रडणार," वहिनी म्हणाल्या आणि गोधडी झटकायला लागल्या. ती आत्ताच झटकायचं काही कारण नव्हतं.

नाना थोडे थांबून म्हणाले, "सूनबाई, तुम्ही वाद्य ठरवताय, पण ठरवायचा आहे माणूस. चांगला व्हायोलिनवाला मिळाला आणि सनईवाला नुसताच फुंकणारा असेल, तर डोळे झाकून व्हायोलिन घ्या. फक्त त्याला तीन गोष्टी विचारा. मुहूर्त लांबला तर काय करशील? बसशील कुठं, तिथून गुरुजी दिसतात का? आणि मध्येच वाजवणं थांबवायला तुला किती वेळ लागतो? तिसऱ्याला जो म्हणेल 'राग पुरा झाल्याशिवाय थांबत नाही', त्याला नमस्कार करा आणि चहा पाजून वाटेला लावा. आणि जेवायला त्याला पहिल्या पंगतीला बसवा. उपाशी माणसाकडून तारसप्तक निघत नाही."

"हे सगळं विचारून कळतं का?" मी म्हटलं. "विचारलं की सगळेच हो म्हणतात. मुलगा बघायला गेलं की तोही म्हणतो, मला स्वयंपाकात मदत करायला आवडतं."

"म्हणूनच," वहिनींनी आवाज एकदम खाली आणला आणि कुंपणावरून अर्ध्या अलीकडं आल्या, "येत्या गुरुवारी एक लग्न आहे स्टेशनजवळच्या कार्यालयात. सनईवाला तिथं येणार आहे. नुसता ऐकून येऊ या. अक्षता पडेपर्यंत थांबायचं, तो डोळा कुठं ठेवतो बघायचं, आणि सटकायचं. येता का?"

"कुणाचं लग्न?"

"मला काय माहीत!"

"बोलावणं नसताना, वहिनी?"

"कार्यालयाच्या दाराशी उभं राहायला बोलावणं कशाला लागतं? सनई दाराशीच असणार, आत्ताच ठरलं ना आपलं?"

"आणि कुणी विचारलं, तुम्ही कुणाकडच्या, तर?" नानांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"गुरुजींकडच्या!" वहिनी म्हणाल्या. "तेच तर लावणार आहेत ते लग्न. सनईवाल्याचा पत्ता मला त्यांनीच दिलाय. वर म्हणाले, अक्षता तुम्हीच टाका, माणसं कमी पडतायत."

मी गॅसकडं पळाले. आमटी थोडी लागली होती. पण खिडकीतून ओरडून विचारलंच, "वहिनी, मग आहेर न्यायचा का?"

"रिकाम्या हातानं कसं जायचं, ताई? पण पाकिटावर नाव घालू नका. आणि निळी पैठणी नेसू नका, त्यात तुम्ही मुलाच्या आईसारख्या दिसता!"